गोदामातली इंजिने आणि अंतराळ स्थानकाचा शिधा

मकरपुऱ्याचा पंपवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गेल्या रविवारी बडोद्यातल्या सुरसागर तलावाच्या पाळीवर सकाळचे फिरणे आटोपून आम्ही चौघे टेकलो होतो, तेव्हा एका मित्राने विचारले, "एक अमेरिकी कंपनी वर्षाला शंभराहून अधिक रॉकेटे उडवते आणि दुसऱ्या कंपनीला मात्र आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे सामान पाठवायला त्याच प्रतिस्पर्ध्याचे रॉकेट भाड्याने घ्यावे लागते, हे कसे?" मी 'इंजिन नाही म्हणून' एवढेच बोलून विषय संपवला. उत्तर खरे होते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे इथे लिहितो. माझी ३४ वर्षे मकरपुरा जीआयडीसीतल्या पंपांच्या एका कारखान्यात गेली, त्यातली बरीचशी टेस्ट बेडवर, म्हणजे पंप चालवून तपासायच्या जागी. रॉकेटचे इंजिन हा मला मुळात एक विलक्षण तापट पंपच वाटतो, त्यामुळे माझे लिखाण पंपाच्या बाजूला झुकलेले असणार, हे आधीच कबूल करतो.

अमेरिकेची स्पेस शटल याने जुलै २०११मध्ये थांबली. त्याच्या आधीच, डिसेंबर २००८मध्ये, नासाने स्थानकाला सामान पोचवण्याचे काम दोन खाजगी कंपन्यांना दिले होते : स्पेसएक्सला १२ फेऱ्यांसाठी १.६ अब्ज डॉलर आणि ऑर्बिटल सायन्सेसला ८ फेऱ्यांसाठी १.९ अब्ज डॉलर. दोघांनीही प्रत्येकी २० टन माल पोचवायचा होता. स्पेसएक्सने स्वतःचे मर्लिन इंजिन स्वतःच्या कारखान्यात बनवायचे ठरवले. ऑर्बिटलने आपल्या अँटारीस रॉकेटसाठी इंजिन बाजारातून घ्यायचे ठरवले, आणि बाजारात जे मिळाले त्याची कथा विलक्षण आहे.

सोव्हिएत संघाच्या चंद्रमोहिमेसाठी एन-१ नावाचे अवाढव्य रॉकेट बांधले गेले होते. कुइबिशेव्ह, म्हणजे आजचे समारा, येथील कुझनेत्सोव्ह यांच्या कार्यालयाने त्याची इंजिने बनवली. १९६९ ते १९७२ या काळात एन-१ चार वेळा उडाले आणि चारही वेळा फसले. पाचव्या उड्डाणासाठी सुधारलेले एनके-३३ इंजिन तयार होते, पण १९७४मध्ये कार्यक्रमच थांबला. इंजिने मोडीत काढण्याचा आदेश आला असताना कारखान्याने ती गुपचूप सांभाळून ठेवली. नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या एरोजेट कंपनीने त्यांतली सुमारे चाळीस इंजिने प्रत्येकी अंदाजे ११ लाख डॉलरना विकत घेतली, त्यांना नवी वायरिंग, नवी इलेक्ट्रॉनिक्स आणि दिशा वळवण्याची सोय बसवली, आणि एजे-२६ असे नाव दिले. अँटारीसच्या पहिल्या टप्प्यात अशी दोन इंजिने असत. एप्रिल २०१३मध्ये ते पहिल्यांदा उडाले, तेव्हा एनके-३३ घराण्याचे इंजिनही आयुष्यात पहिल्यांदाच उडत होते. वय सुमारे चाळीस वर्षे.

आता हिशोब पाहा. आठ फेऱ्यांना सोळा, दोन चाचणी उड्डाणांना चार, म्हणजे वीस इंजिने; गोदामात त्याच्या दुप्पट. कागदावर पुरवठा भक्कम होता. पण साठा आणि पुरवठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच मला या धाग्यात सांगायचे आहे. चालू उत्पादनातला एखादा जॉब रिजेक्ट झाला, तर कारण शोधून पुढचा जॉब सुधारता येतो. गोदामातल्या चाळीस नगांपैकी एकात दोष निघाला, तर उरलेल्या एकोणचाळीसांवरचा विश्वासही डळमळतो, कारण त्या सगळ्यांवर त्याच हातांनी, त्याच लेथवर, त्याच महिन्यांत काम झालेले असते आणि ते हात आता विचारायला उरलेले नसतात.

झालेही तसेच. जून २०११मध्ये मिसिसिपीतल्या स्टेनिस केंद्रावर चाचणी चालू असताना एका इंजिनातून केरोसीन गळून आग लागली. धातूवरचा ताण आणि वर्षानुवर्षांचा गंज यांच्या जोडीने पडलेली ती चीर होती. मे २०१४मध्ये तिथेच दुसरे इंजिन फुटले. आणि २८ ऑक्टोबर २०१४ रोजी व्हर्जिनियातल्या वॉलॉप्स बेटावरून निघालेले पाचवे अँटारीस पंधराएक सेकंदांत लंगडे पडून उड्डाणतळाशेजारी कोसळले. स्थानकासाठीचा दोन टनांहून अधिक माल त्यात होता.

दोष सापडला तो द्रव ऑक्सिजनच्या टर्बोपंपात. बेअरिंग जिथे बसते त्या भोकाच्या यंत्रणकामात त्रुटी होती, आणि मे महिन्यात फुटलेल्या इंजिनातही तसाच दोष आढळला. नासाच्या स्वतंत्र समितीने मात्र तेवढ्यावर न थांबता तीन शक्यता मांडल्या : भोकातला हा दोष, पंपात शिरलेला बाहेरचा कण, आणि मूळ रचनेतच नसलेली पुरेशी सोशिकता. मला तिसरी शक्यता सर्वांत अस्वस्थ करते. पाण्याच्या पंपात इम्पेलर घासला तर आवाज येतो, धूर येतो, माणूस धावत जाऊन स्विच बंद करतो. द्रव ऑक्सिजनमध्ये धातूवर धातू घासला तर धातूच जळू लागतो. तिथे धावायला वेळ नसतो.

आमच्याकडे एकदा एका गिऱ्हाइकाने बावीस वर्षे स्टोअरमध्ये ठेवलेला, खोक्यातून कधी न काढलेला पंप बसवला होता. "अगदी कोरा आहे," असे तो अभिमानाने सांगत होता. शाफ्ट एकाच स्थितीत उभा राहिल्यामुळे बेअरिंगच्या कड्यांवर गोळ्यांचे वळ उठले होते आणि रबरी रिंगा नखाने टोचल्या तरी तुकडे पडत होते. पंपाला चालण्याने जेवढे वय चढते, त्याहून पडून राहण्याने कधी कधी जास्त चढते.

---

खरेदीखाते

पंपवाले काका, लेख आवडला, परंतु खरेदी करणाऱ्यांची बाजूही कोणीतरी मांडली पाहिजे. मी गेली अकरा वर्षे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात पर्चेस सांभाळते आहे, त्यामुळे ऑर्बिटलमधल्या त्या अनामिक खरेदी अधिकाऱ्याबद्दल मला थोडी सहानुभूती वाटते.

त्याच्यासमोर काय होते? ठरलेल्या किमतीचे कंत्राट, ठरलेली मुदत, आणि नवे इंजिन घडवायला किमान आठ-दहा वर्षे. समोर ११ लाख डॉलरचा तयार नग, ज्याचे कार्यमान त्या काळच्या अमेरिकी केरोसीन इंजिनांपेक्षा सरस. मी असते तर मीही सही केली असती. चूक पहिल्या खरेदीत नव्हती. ती खरेदी झाल्याच्या दिवसापासून दुसऱ्या स्रोताचा शोध पुरेशा जोराने सुरू झाला नाही, ही चूक होती. ज्याचा कारखाना बंद पडला आहे अशा व्हेंडरचा माल घेताना मी फाइलवर लाल शाईने 'शेवटची खरेदी' असे लिहून ठेवते, म्हणजे पर्याय शोधण्याचे घड्याळ त्याच दिवसापासून चालू होते.

पुढचा भाग तर तुम्ही लिहिलाच नाही, आणि तो माझ्या मते अधिक बोधक आहे. अपघातानंतर एजे-२६ कायमचे बाद झाले. ऑर्बिटलने आपली सिग्नस ही मालवाहू याने पाठवण्यासाठी अ‍ॅटलस-५ रॉकेटे भाड्याने घेतली. पहिले डिसेंबर २०१५मध्ये गेले. अ‍ॅटलसचे इंजिन आरडी-१८०, तेही रशियाचे! अँटारीस स्वतः उडाले ते थेट ऑक्टोबर २०१६मध्ये, जवळजवळ दोन वर्षांनी, आणि त्यालाही मॉस्कोजवळच्या खिम्की येथील एनर्गोमाश कारखान्याची आरडी-१८१ इंजिने लावली होती. म्हणजे बंद कारखान्याऐवजी चालू कारखाना मिळाला, इतकी सुधारणा झाली. पण त्या पहिल्या टप्प्याचा सांगाडा आणि टाक्या युक्रेनमधल्या द्निप्रो येथील युझमाशमध्ये बनत होत्या. रशियाचे इंजिन, युक्रेनची टाकी. २०१४मध्ये क्रिमिया प्रकरण घडून गेलेले असतानाही हीच जोडी पुढे चालू ठेवण्यात आली, हे मला खरेदीच्या शिस्तीत बसत नाही.

---

रावपुऱ्यातला शंकेखोर

मग हे रशियन इंजिन अमेरिकेत नव्याने का बनवले नाही? नकाशे तर मिळाले असतील.

---

मकरपुऱ्याचा पंपवाला

@रावपुऱ्यातला शंकेखोर, नकाशा मिळाला म्हणजे वस्तू मिळाली, असे असते तर मकरपुऱ्यातल्या प्रत्येक शेडमध्ये जर्मन पंप बनले असते.

या रशियन इंजिनांची खासियत अशी, की टर्बाइन फिरवण्यासाठी जो वायू तयार करतात त्यात ऑक्सिजनचे प्रमाण प्रचंड असते, आणि तो वायू वाया न घालवता पुढे मुख्य दहनकक्षात नेतात. त्यामुळे इंधनाचा कस अधिक निघतो. पण तापलेला, दाबाखालचा ऑक्सिजन बहुतेक पोलादांना सरळ खाऊन टाकतो. त्याला टिकणारे मिश्रधातू आणि त्यावरचे लेप यांचे ज्ञान नकाशावर नसते. भट्टीवर आणि तपासणीच्या टेबलावर काम करणाऱ्या माणसांच्या दोन-तीन पिढ्यांत असते. आरडी-१८० अमेरिकेत बनवण्याचा परवाना होता, योजनाही होती. एकही इंजिन तिथे बनले नाही.

नवे घडवायला किती काळ लागतो त्याचे उदाहरण हवे असेल, तर बीई-४ पाहा. ब्लू ओरिजिनने त्याचे काम २०११मध्ये सुरू केले. २०१८मध्ये व्हल्कन रॉकेटसाठी त्याची निवड झाली. उड्डाणाची पहिली दोन इंजिने रॉकेटवाल्यांच्या हाती पडली ऑक्टोबर २०२२मध्ये. व्हल्कन उडाले जानेवारी २०२४मध्ये. पैशाची ददात नसलेल्या मालकाच्या कारखान्याची ही गत आहे.

@खरेदीखाते ताई, लाल शाईची पद्धत आमच्या खात्यालाही शिकवायला हवी होती. तुमचा मुद्दा मान्य आहे.

---

खरेदीखाते

आणखी एक तपशील, कारण त्याच्या तारखा मनातून जात नाहीत. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी अँटारीस सिग्नसला सतराव्या कंत्राटी फेरीवर घेऊन गेले. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. मार्चमध्ये रशियाने अमेरिकेला इंजिने देणे थांबवल्याचे जाहीर केले, आणि टाक्यांचे शहर बॉम्बच्या पल्ल्यात आले. एका आठवड्यात इंजिनाचा व्हेंडर आणि टाकीचा व्हेंडर दोन्ही गेले. हातात उरलेल्या मालावर आणखी दोन उड्डाणे झाली, त्यांतले शेवटचे ऑगस्ट २०२३मध्ये. आरडी-१८१च्या जोडीवर एकूण तेरा उड्डाणे झाली, म्हणजे सव्वीस इंजिने. एकही उड्डाण फसले नाही. इंजिनात दोष नसताना रॉकेट बंद पडले.

त्यानंतर सिग्नस स्पेसएक्सच्या फाल्कन-९ रॉकेटवर जाऊ लागले. जानेवारी २०२४, ऑगस्ट २०२४, सप्टेंबर २०२५. अँटारीसच्या नव्या अवतारासाठी फायरफ्लाय कंपनी पहिला टप्पा आणि सात मिरांडा इंजिने बनवते आहे, अशी घोषणा ऑगस्ट २०२२मध्ये झाली होती. २०२५ संपले तरी ते उडालेले नाही.

---

गणितमास्तर

धागा माहितीपूर्ण आहे, तथापि मूळ प्रमेयाशी मी सहमत नाही, म्हणून थोडा विस्ताराने लिहितो.

धागाकर्त्यांचा सूर असा, की स्थानकाच्या मालवाहतुकीचा वेग इंजिनांच्या पुरवठ्याने ठरतो. आकडे मात्र तसे सांगत नाहीत. २०२४ हे वर्ष घ्या. त्या वर्षी फाल्कन घराण्याची १३४ उड्डाणे झाली. त्यांपैकी स्थानकासाठी माल नेणारी किती? जानेवारीत सिग्नस, मार्चमध्ये ड्रॅगन (स्पेसएक्सचे स्वतःचे यान), ऑगस्टमध्ये सिग्नस, नोव्हेंबरमध्ये ड्रॅगन. चार. शेकडा तीनच्या आसपास. रशियाची प्रोग्रेस याने त्या वर्षी गेली चार : फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये. वर्षाची बेरीज आठ. इंजिनांचा पुरवठा दहापट झाला, म्हणून स्थानकाकडे जाणाऱ्या फेऱ्या दहापट झाल्या नाहीत, आणि होणारही नाहीत. स्थानकात सहसा सात माणसे असतात. यान लावण्याच्या जागा मोजक्या, आणलेला माल उतरवून लावायला माणसांचे तास मोजके, आणि रिकाम्या यानात कचरा भरून ते सोडून दिल्याशिवाय पुढच्याला जागा नाही. मागणी हीच इथली मर्यादा आहे. बडोद्यात सेव-उसळीच्या गाड्या वाढल्या म्हणून माझ्या पोटात तिसरी प्लेट जात नाही.

यानांचा आकारही लक्षात घ्यावा. पहिले सिग्नस दोन टन नेत असे. सप्टेंबर २०२५मध्ये गेलेले लांबवलेले सिग्नस पाच टनांच्या आसपास माल घेऊन गेले. म्हणजे फेऱ्या न वाढवताही माल अडीचपट होऊ शकतो. मग इंजिनांची चिंता कशासाठी करायची?

---

मकरपुऱ्याचा पंपवाला

मास्तर, वर्षाचे आठ हा आकडा मी मोजून पाहिला नव्हता. फेऱ्यांची कमाल संख्या इंजिने ठरवत नाहीत, हे मी मान्य करतो आणि माझे म्हणणे दुरुस्त करून घेतो.

परंतु शिध्याच्या बाबतीत कमाल संख्येपेक्षा दोन फेऱ्यांमधले अंतर महत्त्वाचे असते. वर्षाला आठ गाड्या येणार असतील आणि त्यांतल्या थोड्याच काळात तीन आल्या नाहीत, तर वर्षाची सरासरी कोणी विचारत नाही. आणि असे घडलेले आहे. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी अँटारीस कोसळले. २८ एप्रिल २०१५ रोजी प्रोग्रेस यान सोयुझ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यापासून सुटताना बिघडून भरकटले. २८ जून २०१५ रोजी फाल्कन-९ हवेतच फुटले, कारण दुसऱ्या टप्प्याच्या टाकीतली हेलियमची बाटली धरून ठेवणारा दांडा तुटला. बरोबर आठ महिने, तीन याने, आणि तिन्ही वेळा तारीख अठ्ठावीस. (माझ्या पत्नीने यावर जे मत दिले ते इथे देत नाही.)

स्थानक तरीही उपाशी राहिले नाही. ३ जुलै २०१५ रोजी दुसरे प्रोग्रेस निघाले, आणि ऑगस्टमध्ये जपानचे एचटीव्ही यान स्वतःच्या एच-२बी रॉकेटवरून गेले. त्यात पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेचे तातडीने लागणारे सुटे भागही नासाने चढवले होते. तीन अपघातांची तीन वेगळी कारणे होती : एकीकडे टर्बोपंप, दुसरीकडे टप्पे सुटण्याची यंत्रणा, तिसरीकडे दांडा. एका कारणाने दुसरे रॉकेट अडकले नाही. त्या काळी तीन देशांच्या चार वेगळ्या रॉकेटांची इंजिने स्थानकाला शिधा पुरवत होती, म्हणून हे निभावले.

आता तुमच्याच २०२४च्या आठ फेऱ्या पुन्हा पाहा. चार फाल्कन-९वर, चार सोयुझ-२.१एवर. आठ फेऱ्या, दोन रॉकेटे. चिंता यासाठी.

---

खरेदीखाते

हेच लिहायला आले होते. दोन वेगळ्या व्हेंडरांना ऑर्डर दिली म्हणून आपण निश्चिंत असतो आणि नंतर कळते, की दोघेही कास्टिंग एकाच फाउंड्रीतून आणतात. सिग्नस आणि ड्रॅगन आज एकाच सुईत ओवलेले आहेत.

जुलै २०२४मध्ये ती सुई अडकलीही होती. एका स्टारलिंक उड्डाणात दुसऱ्या टप्प्यावरची दाब मोजणारी एक नळी, क्लॅम्प ढिला असल्यामुळे थरथरून चिरली आणि द्रव ऑक्सिजन गळला. फाल्कनची सगळी उड्डाणे सुमारे दोन आठवडे थांबली. ऑगस्टच्या सुरुवातीला सिग्नस जायचे होते, ते ४ तारखेला गेले; पण दोन आठवड्यांचे दोन महिने झाले असते तर सिग्नसही थांबले असते आणि ड्रॅगनही.

---

रावपुऱ्यातला शंकेखोर

पण इतक्या लवकर सुरू कसे झाले? अँटारीसला दोन वर्षे लागली आणि यांना दोन आठवडे?

---

मकरपुऱ्याचा पंपवाला

@रावपुऱ्यातला शंकेखोर, तुमचे प्रश्न एका ओळीचे असतात आणि उत्तरे देता देता माझा चहा गार होतो.

एक तर तो दोष सुटसुटीत होता. ती नळी आणि तिचा सेन्सर काढून टाकता आला. पण मोठे कारण उत्पादनात आहे. ऑक्टोबर २०१४मध्ये, म्हणजे अँटारीस कोसळले त्याच महिन्यात, स्पेसएक्सने आपले शंभरावे मर्लिन-१डी इंजिन पूर्ण केल्याचे जाहीर केले होते, आणि तेव्हा त्यांचा वेग आठवड्याला चार इंजिनांचा होता. इंधनाचा कस काढण्यात मर्लिन एनके-३३च्या मागेच आहे. त्यात टर्बाइनचा वायू सरळ बाहेर सोडून देतात, दाबही बराच कमी. माझ्या पिढीतला पंपवाला त्याला 'साधे' म्हणेल. पण एका रॉकेटला खाली नऊ आणि वर एक अशी दहा लागत असल्यामुळे ते त्यांना मुबलक बनवावे लागले, आणि मुबलक बनवल्यामुळे त्यातल्या खोडी कळत गेल्या. ऑक्टोबर २०१२मध्ये पहिल्या कंत्राटी फेरीतच नवांपैकी एक इंजिन ७९व्या सेकंदाला बंद पडले होते. उरलेली आठ थोडी जास्त वेळ जळली आणि ड्रॅगन स्थानकावर पोचले. सोबतच्या एका छोट्या उपग्रहाचा मात्र बळी गेला.

सोयुझचेही तेच आहे. खालच्या दोन टप्प्यांत पाच इंजिने, प्रत्येकाला चार दहनकक्ष, म्हणजे एका उड्डाणाला वीस. ही इंजिने आजही समाऱ्यात बनतात, त्याच गावात, जिथे एनके-३३ गोदामात पडली होती! एका गावातल्या एका इंजिनाची परंपरा अखंड राहिली आणि दुसऱ्याची १९७४मध्ये तुटली.

चालू कारखानाही चुकतो, हे मात्र सांगितले पाहिजे. डिसेंबर २०१६मध्ये एक प्रोग्रेस तिसऱ्या टप्प्यातल्या इंजिनाच्या बिघाडाने गमावले. त्यानंतरच्या महिन्यांत व्होरोनेझच्या कारखान्यातून प्रोटॉन रॉकेटची इंजिनेही परत मागवावी लागली, कारण नेमून दिलेल्या मिश्रधातूऐवजी दुसराच वापरल्याचे आढळले. फेब्रुवारी २०१७मध्ये पुढचे प्रोग्रेस निघाले ते तिसऱ्या टप्प्याचे इंजिन बदलूनच. तीन महिन्यांत गाडी रुळावर आली.

---

गणितमास्तर

दुरुस्ती स्वीकारली, आणि माझीही एक पुरवणी. अडथळा इंजिनाचाच असेल असे नाही. २७ नोव्हेंबर २०२५ रोजी बैकोनूरच्या ३१ क्रमांकाच्या तळावरून सोयुझमधून माणसे सुखरूप गेली, पण मागे तळावरचा सेवा-मंच खालच्या खड्ड्यात कोसळला. कारखान्यात इंजिने तयार, यान तयार, आणि डिसेंबरात जायचे प्रोग्रेस पुढे ढकलावे लागले. गागारिन ज्या तळावरून गेले तो २०१९पासून वापरात नाही. म्हणजे आपल्या 'आठ फेऱ्या, दोन रॉकेटे' या वाक्यात त्यांतल्या चार फेऱ्यांना 'एक तळ' हेही जोडावे लागेल.

---

कलाभवनचा विद्यार्थी

सर्वांना नमस्कार. मी कलाभवनात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इथे लिहिण्याची पहिलीच वेळ आहे, चुकल्यास सांभाळून घ्यावे.

आपले स्वतःचे अंतराळ स्थानक २०३५पर्यंत उभारायचे ठरले आहे. त्यालाही शिधा लागेल. हा साठा आणि पुरवठ्याचा हिशोब आपल्याला लावून पाहिला, तर उत्तर काय येते? आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटची २०२३मध्ये दोन उड्डाणे झाली, २०२४मध्ये एकही नाही, २०२५मध्ये नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये मिळून दोन.

---

मकरपुऱ्याचा पंपवाला

@कलाभवनचा विद्यार्थी, स्वागत. चुकलेले काहीच नाही, उलट आमच्यासारख्यांनी जो प्रश्न आधी विचारायला हवा होता तो तुम्ही विचारलात.

आपण हा धडा गोदामातल्या इंजिनांवरच शिकलो आहोत. १९९१मध्ये इस्रोने सोव्हिएत संघाच्या ग्लाव्हकॉसमॉस संस्थेशी क्रायोजेनिक (अतिथंड द्रव हायड्रोजन आणि ऑक्सिजनवर चालणारी) इंजिने आणि त्यांचे तंत्रज्ञान घेण्याचा करार केला. मे १९९२मध्ये अमेरिकेने दोघांवर निर्बंध घातले, आणि १९९३मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यातून अंग काढून घेतले. त्याऐवजी तयार सात इंजिने मिळाली. हाच तो साठा. त्यांतली सहा जीएसएलव्हीवर उडाली. स्वतःचे इंजिन एप्रिल २०१०मध्ये पहिल्यांदा उडवले, तेव्हा द्रव हायड्रोजनचा बूस्टर पंप थांबला आणि उड्डाण फसले. (पुन्हा पंप!) ५ जानेवारी २०१४ रोजी यश आले. करारापासून तेवीस वर्षे. एलव्हीएम-३च्या वरच्या टप्प्यात आज सीई-२० बसते, ते त्याहून मोठे आणि संपूर्णपणे आपले.

विकास इंजिनाची गोष्ट याच्या उलट आहे. त्याचे मूळ फ्रान्सच्या व्हायकिंग इंजिनात, पण १९७४च्या करारानुसार आपले अभियंते तिकडे जाऊन राबले आणि नकाशांबरोबर हातही शिकून आले. म्हणून ते इंजिन आज गोदरेजच्या विक्रोळीत सहज बनते. पीएसएलव्हीला एक, जीएसएलव्हीला पाच, एलव्हीएम-३ला दोन.

तेव्हा परंपरेचा प्रश्न आपल्याकडे बराचसा सुटलेला आहे. उरतो तो संख्येचा. सप्टेंबर २०२२मध्ये बंगळूरला एचएएलमध्ये क्रायोजेनिक इंजिने एकाच छताखाली बनवण्याची सोय सुरू झाली, ती याच दिशेने आहे. वर्षाला दोन नगांसाठी बसवलेले टूलिंग आणि वर्षाला बारा नगांसाठी बसवलेले टूलिंग यांत फक्त सहापटीचा फरक नसतो. बारावाल्याकडे वेल्डरचा हात रोज चालतो. वर्षातून दोनदा वेल्ड करणाऱ्या माणसाकडून मी पाण्याची टाकीसुद्धा करून घेणार नाही.

---

खरेदीखाते

काका, यावर विद्यार्थ्याच्या वतीने एक उपप्रश्न. पहिला टप्पा परत उतरवून पुन्हा वापरता आला तर इंजिनांचा पुरवठा हा विषयच संपतो, असे आमचे व्यवस्थापक ठासून सांगतात. डिसेंबर २०१७मध्ये मालवाहू फेरीसाठीसुद्धा नासाने वापरलेला पहिला टप्पा मान्य केला, तेव्हापासून ते हे सांगत आहेत.

---

गणितमास्तर

याला मी उत्तर देतो, कारण भागाकार आहे. खालची नऊ इंजिने परत येतात, वरचे एक येत नाही. १३४ उड्डाणांना वरची निदान १३४ इंजिने लागणारच. ३६६ भागिले १३४. दर पावणेतीन दिवसांना एक नवे व्हॅक्यूम मर्लिन कारखान्याबाहेर पडले नाही, तर खाली कितीही वापरलेले टप्पे उभे असले तरी रॉकेट उडणार नाही. विषय संपला नाही, एक मजला वर गेला.

---

कलाभवनचा विद्यार्थी

मास्तर, म्हणजे जुलै २०२४चा दोषही वरच्याच टप्प्यात होता आणि जून २०१५चा दांडाही?

---

गणितमास्तर

दोन्ही वरच्याच. चांगले टिपलेस.

---

रावपुऱ्यातला शंकेखोर

काका, त्या बावीस वर्षांच्या पंपाचे पुढे काय झाले?

---

मकरपुऱ्याचा पंपवाला

बेअरिंगे, रिंगा आणि शाफ्ट नवे घातले. केसिंग जुनेच ठेवले, ओतकाम उत्तम होते. गिऱ्हाईक म्हणाले, "मग यात माझा पंप कुठला राहिला?" मी म्हणालो, नेमप्लेट तुमचीच आहे. अँटारीसचेही २०१६मध्ये तसेच झाले : टाक्या द्निप्रोच्याच, नाव तेच, इंजिने मात्र दुसरी. आमचा पंप त्यानंतर सात वर्षे चालला. मग त्या मेकची बेअरिंगे बाजारात मिळेनाशी झाली.